झाकलेली पिशवी

माझे डोळे पिवळे झालेत, हे मला सगळ्यांच्या शेवटी कळलं. एसटीच्या ड्रायव्हरसमोर आरसा असतो, पण त्यात तो मागची माणसं बघतो. स्वतःकडं बघायला त्याला सवड नसते. येरमाळ्याच्या स्टँडवर चहाचा कप हातात देता देता माझा कंडक्टर म्हणाला, "दत्ताभाऊ, डोळं बघा जरा तुमचं. हळद लावल्यागत दिसायलेत."

मी म्हणालो, जागरण झालंय. तो म्हणाला, "जागरणानं लाल हुत्यात, पिवळं न्हाय."

त्याआधी बरेच दिवस भूक मेली होती. पँट सैल व्हायला लागली होती, तर पोट उतरलं म्हणून मी खुशीत होतो. लघवी गडद होत होती, ती इंजिनाच्या उष्णतेनं असं धरून चाललो होतो. स्वतःच्या दुखण्याला कारणं शोधायची झाली की माणसाची अक्कल फार चालते. माझी तर सुसाट चालली.

हे लिहितोय ते कुणाला शहाणं करायला नाही. मी पडून होतो तेव्हा मला कुणीतरी सांगायला हवं होतं की हे असं असं होतं, आणि यातून माणूस उठू शकतो. तेवढंच सांगायचं आहे.

पुडी

धाराशिवच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि सोलापूरला जा म्हणाले. सोलापूरच्या डॉक्टरांनी कागद बघितला, पुन्हा बघितला आणि पुण्याला जा म्हणाले. जसजसं मोठं शहर यायचं तसतसं डॉक्टरांचं बोलणं कमी होत गेलं. त्यावरूनच मी काय ते ओळखलं.

पुण्याच्या डॉक्टर मॅडम वयानं माझ्याहून लहान होत्या. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "दारू?"

"नाही," मी म्हणालो. ड्रायव्हर असं म्हणाला की समोरचा माणूस त्याच्या बायकोकडं बघतो. मॅडमनीही बघितलं. सुनंदा म्हणाली, "दारूचं बोट न्हाय लावलं कधी. पण ही पुडी हाय," आणि तिनं पिशवीतून पुडी काढून टेबलावर ठेवली.

कंबरेच्या दुखण्यावरची पुडी. आठवडी बाजारात एकजण चादर अंथरून विकतो. निम्मा डेपो त्याच्याकडून घेतो. दिवसभर सीटवर बसून आमच्या कंबरा गेलेल्या असतात आणि त्या पुडीनं खरंच आराम पडायचा. ती पुडी सुनंदानं घरून उचलून आणली होती हे मला माहीतच नव्हतं. मी सांगणार नाही याची तिला खात्री होती.

मॅडमनी पुडी उघडून वास घेतला. "यात काय आहे ते विकणाऱ्यालाही माहीत नसेल. यकृताला इजा झालीय ती बहुतेक यानंच. आजपासून बंद. यकृत स्वतःच भरून येतं, त्याला वेळ मिळाला तर. तुमच्या यकृताकडं तेवढा वेळ आहे की नाही, हे आज मला सांगता येत नाही."

"आणि नसला तर?"

"तर कुणाच्या तरी यकृताचा तुकडा काढून तुम्हाला बसवावा लागेल."

बाहेर आलो. सुनंदा रडली नाही. नळावर जाऊन तिनं पाण्याची बाटली भरून आणली. मी ती सगळी संपवली.

शोभा

तुकडा द्यायचा म्हणजे जवळचं माणूस लागतं, आणि रक्तगट जुळावा लागतो. सुनंदाचा जुळला नाही. मुलगी अजून शाळेत आहे. राहिली माझी धाकटी बहीण, शोभा. तिला बेंबळीला दिलंय. फोन केला तर म्हणाली, "मला काय इचारता, दादा? कधी यायचं तेवढं सांगा." दोन दिवसांत ती आणि दाजी, दोघं पुण्यात हजर.

तिच्या तपासण्या झाल्या. सगळं जुळलं. आनंदाची बातमी दिल्यासारखं नर्सनं येऊन सांगितलं. तेव्हा दाजी खिडकीतून बाहेर बघत होते, ते तसेच बघत राहिले. शोभाची दोन पोरं अजून तिच्या हातानं जेवतात.

खरं सांगायचं तर मला तिचं यकृत हवंही होतं आणि नकोही होतं. सकाळी वाटायचं, कशाला तिला फाडायचं, जे व्हायचं ते होईल. दुपारी उलटी झाली की वाटायचं, उद्याच करून टाका. हे मी तिला कधी बोललो नाही. तिला कळलं नसेल असंही नाही.

आणि आई. आईला गावाहून, सास्तूरहून, आणायचं नाही असं मी सांगून ठेवलं होतं, पण तिचं ऐकणं-न ऐकणं तिच्या मर्जीवर असतं. ती आली आणि वॉर्डाबाहेरच्या बाकड्यावर बसली. तिला तीन लेकरं झाली. तिसरा, आमचा बाळू, भूकंपात घराखाली गेला. त्याच्याबद्दल ती बोलत नाही. तिथं बाकड्यावरही बोलली नाही. फक्त एकदा सुनंदाला म्हणाली, "एकीला कापायचं आन एकाला जोडायचं. म्या कुणाकडं बघू गं?"

सुनंदा म्हणाली, "आत्या, दोघांकडं बी बघा." यापेक्षा चांगलं उत्तर मला आजही सुचलेलं नाही.

नाळ

मग एका सकाळी मॅडम खुर्ची ओढून बसल्या. त्या बसल्या की काहीतरी मोठं असतं, हे आता आम्हाला कळत होतं.

त्यांनी सांगितलं ते माझ्या शब्दांत असं. बाळ जन्मलं की नाळ कापतात. बाळाच्या आईची परवानगी असेल तर ती नाळ टाकून न देता ठेवतात. तिच्यात काही पेशी अशा असतात की त्यांचं पुढं काय व्हायचं ते अजून ठरलेलं नसतं. त्यांना स्टेम सेल म्हणतात. प्रयोगशाळेत त्यांच्यापासून हळूहळू यकृताच्या पेशी बनवता येतात. त्या पेशी शिरेतून माझ्या अंगात सोडल्या, तर माझं यकृत सावरेपर्यंत त्या थोडं काम सांभाळतील, कदाचित. आणि तेवढ्यात ते सावरलं, तर शोभाचं ऑपरेशन टळेल, कदाचित. मॅडम प्रत्येक वाक्याला कदाचित लावत होत्या.

"हा अजून उपचार नाही," त्या म्हणाल्या. "ही चाचणी आहे. निम्म्या लोकांना पेशी मिळतात, निम्म्यांना नुसतं सलाईनचं पाणी. पिशवी झाकलेली असते. तुम्हाला काय दिलं ते तुम्हालाही कळणार नाही आणि मलाही नाही. बाकीची औषधं सगळ्यांना सारखीच."

दाजींनी तेवढ्यात मोबाईल काढला. कुठल्याशा दवाखान्याचा व्हिडिओ होता, स्टेम सेलचं इंजेक्शन घ्या, यकृत खात्रीनं नवं करून देतो. "हितं तर खात्री देत्यात," ते म्हणाले.

"म्हणूनच तिथं जाऊ नका," मॅडम म्हणाल्या. "खात्री असती तर मी चाचणी कशाला केली असती?" दाजींनी मोबाईल खिशात घातला.

एवढ्या बोलण्यातून आईनं एकच शब्द उचलला होता. तिनं विचारलं, "नाळ कुणाची?"

"ते सांगता येत नाही, आजी. नाव गुप्त असतं."

"कोन्या घरची, त्ये तरी?"

माझं तोंड शरमेनं उतरलं. सुनंदानं मान खाली घातली. आम्हाला सगळ्यांना वाटलं, आई जात विचारतेय. मी म्हणालो, "आई, गप बस."

ती माझ्यावर उखडली. "जात न्हाय इचारली म्या. त्या लेकराची नाळ पुरायची राहिली न्हवं? हितं बाटलीत घालून ठिवली. त्याचं कसं व्हायचं?"

आमच्याकडं नाळ पुरतात. माणूस एखाद्या ठिकाणी सारखा घुटमळला की आपण म्हणतो ना, तिथं काय तुझी नाळ पुरलीय? ते आमच्याकडं खरोखरच असतं. माझी, शोभाची, बाळूची, तिघांच्या नाळा आईनं जुन्या घरात न्हाणीजवळ पुरल्या होत्या. घर पडलं, गाव उठलं, नवं सास्तूर पलीकडं बसलं. जुन्या गावठाणात आता बाभळी माजल्यात. आई अजूनही तिकडून जाताना एका ठिकाणी थांबते. तिथं काय आहे, हे आम्ही तिला विचारत नाही. नाळ उघड्यावर पडली तर लेकरू भिरभिरं होतं, कुठं टिकत नाही, असं ती मानते.

मला वाटलं, मॅडम हसतील. त्या हसल्या नाहीत. त्यांनी खुर्ची आईकडं फिरवली. "आजी, नाळ लांब असते. बाळाच्या बेंबीला जो तुकडा राहतो, तो त्याच्याबरोबर घरी जातो. वाळून पडतो, तेव्हा त्याच्या घरचे लोक जे करायचं ते करतात. आम्ही इकडचा तुकडा घेतो. एरवी तो फेकून देतात."

आईनं बोटानं हवेत एक लांबी मोजली आणि मधे कापल्यासारखं केलं. "बेंबीकडचा त्याच्यापाशीच ऱ्हातो म्हंता?"

"त्याच्यापाशीच."

"मग घ्या," आई म्हणाली. सही मी केली, पण परवानगी तिनंच दिली होती.

येरमाळा

दवाखान्यातले दिवस एकसारखे असतात. सकाळी रक्त काढतात. मग एक गोड, चिकट औषध देतात, त्यानं दिवसभर संडासच्या वाऱ्या. लाज वाटायची. मग एका वॉर्डमावशीनं सांगितलं, "पोट साफ न्हाय झालं तर विष डोक्यात चढतं, भाऊ. लाज धरू नका, पळत जावा." तेव्हापासून पळत गेलो. जेवण बिनमिठाचं. आणि खाज. काविळीतली खाज ज्याला झाली त्यालाच कळेल. कातडीच्या आत खाजतं, वरून खाजवून उपयोग नाही. सुनंदा दाणे काढलेलं मक्याचं कणीस घेऊन माझी पाठ घासायची. त्या कणसाएवढं सुख मला दुसऱ्या कशानं दिलं नाही.

डोकं ठिकाणावर आहे का ते बघायला नर्स रोज विचारायची, आज वार कोणता? वाराचं काय, सुट्टी नसलेल्या माणसाला वार एरवीही आठवत नाही. मी म्हणालो, त्यापेक्षा मी माझ्या रूटची गावं सांगतो. मग तेच ठरलं. नर्स आली की मी सुरू करायचो: धाराशिव, येडशी, येरमाळा, तेरखेडा, पारगाव, चौसाळा, बीड. आसपासच्या खाटांवरच्या लोकांनाही पाठ झालं.

पिशवीचा दिवस आला. ट्रॉलीवरून आणली, वर तपकिरी कापडी खोळ, नळीसुद्धा झाकलेली. आईनं नर्सला विचारलं, हात लावू का? नर्स नाही म्हणाली. मग आई लांबूनच पिशवीला म्हणाली, "नीट काम कर, बाळा."

हाताला थोडं गार लागलं. बाकी काही नाही. मी वाट बघत होतो, आत काहीतरी हलेल, ऊब येईल. पिशवी संपली, नर्सनं ती खोळीसकट उचलून नेली. दाजींनी विचारलं, "काय वाटतंय?" मी म्हणालो, "भूक लागलीय." ते खोटं होतं, पण त्यांच्या चेहऱ्याकडं बघून बोललो.

त्यानंतर मी सुधारलो नाही. उलट बिघडलो. काविळीचा आकडा रोज वर. एका सकाळी मी म्हणालो, धाराशिव, येडशी, तेरखेडा, पारगाव. त्या दिवशीची नर्स नवी होती, तिनं नुसती मान हलवली. सुनंदा पायाशी बसली होती. तिनं विचारलं, "येरमाळा?"

"कोणतं येरमाळा?" मी म्हणालो.

येरमाळा तिचं माहेर. ती उठून बाहेर गेली आणि तेव्हा मात्र रडली, असं शोभानं मला नंतर सांगितलं. पुढं डेपोत ही गोष्ट कळल्यावर लोकांनी माझी भरपूर टर उडवली, शुद्ध हरपली तरी गड्यानं नेमकं सासरच गाळलं म्हणून. त्या सकाळी मात्र कुणी हसण्याच्या मनःस्थितीत नव्हतं. मॅडमनी शोभाला भरती करून घेतलं. ऑपरेशनची तयारी सुरू झाली.

शोभा दवाखान्याच्या निळ्या कपड्यांत माझ्या खाटेशी आली. माझं डोकं तेव्हा निम्मं जागेवर होतं. ती म्हणाली, "दादा, मला लई भ्या वाटायलंय. पर मी देनार हाय. दोन्ही खरं हाय." मी तिचा हात धरला.

मग आकडा थांबला. खाली आला नाही, फक्त वर जायचा थांबला. मॅडम म्हणाल्या, "एक दिवस थांबू." दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणाल्या, "अजून एक थांबू." तिसऱ्या दिवशी तो किंचित उतरला. नर्स आली तर मी आपणहून सुरू केलं आणि येरमाळा जोरात म्हणालो. सुनंदानं पदर तोंडाला लावला.

शोभाला घरी सोडलं. तिची पिशवी उचलताना दाजी पहिल्यांदा माझ्याशी सरळ बोलले. "भाऊ, राग मानू नका. मी रोज मनात नको नको म्हनत हुतो."

"मी बी म्हणत होतो, दाजी," मी म्हणालो. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि निघून गेले.

कुंची

घरी आलो तेव्हा हाडं आणि पिवळसर कातडी, एवढाच उरलो होतो. बरं होणं हे कंटाळवाणं काम आहे. कुणी ते सांगत नाही. मीठ कमी, तेल कमी, गाडी बंद. डेपोनं बसून करायचं काम दिलं. दुसऱ्यांच्या गाड्या सुटताना बघणं मला जड जातं, अजूनही.

आईनं मात्र तिच्यापुरता हिशेब मिटवला होता. एका लेकरानं माझा दत्ता राखला, असं तिनं साऱ्या सास्तूरला सांगितलं. येरमाळ्याच्या येडेश्वरीला जाऊन त्या लेकराच्या नावानं ओटी भरली. नाव माहीत नाही म्हणून नुसतं "आमचं लेकरू" म्हणाली. त्याच्यासाठी जुन्या साडीची मऊ कुंची शिवली, खाली लाल झालर लावून, आणि पुढच्या तपासणीला माझ्या पिशवीत घातली. मॅडमनी ती हातात घेऊन बघितली आणि परत दिली. पोचवता येणार नाही, नियम आहे. आईनं ती खुंटीला अडकवून ठेवली. संध्याकाळी दिवा लावताना तिकडं बघून हात जोडायची. बाळूनंतर मी तिला कुठल्या लेकरासाठी असं हात जोडताना पाहिलं नव्हतं.

मग चाचणी संपल्याचा फोन आला. सुनंदा आणि मी पुण्याला गेलो. मॅडमनी खुर्ची ओढली.

"आता सांगता येतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही दुसऱ्या गटात होता. तुमच्या पिशवीत पेशी नव्हत्या."

मला एकदम काही कळेना. म्हणालो, "मग मी बरा कसा झालो?"

"पुडी बंद झाली, औषधं वेळेवर मिळाली, आणि तुमच्या यकृताला वेळ पुरला. ते आपलं आपण भरून आलं. याचा अर्थ पेशी कामाच्या नाहीत असा नाही. कामाच्या आहेत की नाहीत, ते सगळ्यांचे आकडे शेजारी ठेवल्यावरच कळेल. तुमच्यासारखे लोक पाण्याच्या बाजूला नसते, तर ते कधीच कळलं नसतं."

येताना मी एसटीत प्रवासी म्हणून बसलो होतो, खिडकीशी. मला रडू येत होतं आणि ते कशाचं हे कळत नव्हतं. वाचलो होतो, त्यात काही खोट नव्हती. तरी कुणीतरी माझ्यासोबत होतं ते उतरून गेल्यासारखं वाटत होतं. सुनंदा म्हणाली, "आत्यास्नी सांगू नका. त्येंच्या जिवाला तेवढाच आधार हाय." शोभाला फोन लावला. ती म्हणाली, "सांगा. तिला फशिवलेलं आवडत न्हाय."

दोघींचंही बरोबर होतं. मी दोन दिवस काढले. तिसऱ्या दिवशी आई ओसरीवर सुपात तूर घेऊन निवडत बसली होती. मी समोर बसलो आणि सांगून टाकलं. त्या पिशवीत काही नव्हतं, आई. नुसतं पाणी होतं. मला त्या लेकराचं काही मिळालंच नाही.

तिचा हात सुपात थांबला. तिनं खुंटीवरच्या कुंचीकडं बघितलं. मी तिच्या तोंडाकडं बघत होतो आणि मला वाटत होतं, सुनंदाचं ऐकायला हवं होतं.

"म्हंजे त्या लेकराचं त्ये तसंच हाय तिथं?" तिनं विचारलं.

"तसंच असंल."

"कुनाला दिलं न्हाय?"

"मला तरी न्हाय दिलं."

आईनं सूप पुन्हा पुढं ओढलं. एक खडा उचलून अंगणात टाकला.

"मग बरं झालं," ती म्हणाली. "तुझं तर भागलं. दुसऱ्या कुनाच्या लेकाला हुईल."